मेथीसाठी साडेपाचचा फोन

मी गाव सोडलं त्या दिवशी बाबा मला सोडायला आले नाहीत. पुण्याची ट्रॅव्हल्स वाशीमहून संध्याकाळी सातला सुटणार होती. आमच्या मळ्याच्या तोंडाशी ऑटो उभा होता, माझी बॅग त्यात चढली होती, आणि बाबा गोठ्यात रिकामी बादली हातात धरून उभे. "गायीच्या धारेची वेळ हाये. मी नाई येत," म्हणाले. धार तर मी पाचलाच काढून दिली होती. दूध चुलीवर तापत होतं. हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.  रागाने पायात चप्पल अडकवली आणि निघाले. गायीने मात्र मान वळवून हंबरून घेतलं. अनसिंग मागे पडून वाशीम येईपर्यंत मी ऑटोत रडले, आणि रडता रडता मनात म्हणत होते की या माणसाला लेकीपेक्षा गाय जवळची झाली.

माझ्यासारखे कितीतरी जण तिकडून इकडे आलेत. माझ्या हॉस्पिटलातच रिसोडची एक आहे, मंगरूळचा एक वॉर्डबॉय आहे. सुट्टीत गावी गेलो की लोक विचारतात, "बरं हाये ना?" आपण म्हणतो, "एकदम मस्त." मग आपण त्यांना विचारतो, "इकडं कसं?" ते म्हणतात, "चाललं हाये." दोन्हीकडून खोटं बोलायची रीतच पडून गेली आहे. मी हे लिहितेय ते या दोघांसाठी. जे निघून आले त्यांच्यासाठी, आणि जे बादली धरून मागे उभे राहिले त्यांच्यासाठी.

गाय घ्यायची अक्कल माझीच. आई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. आमच्या घरात बोलणारी ती एकटी. ती गेल्यावर कळलं की मी आणि बाबा आजवर तिच्याच मार्फत बोलत आलो होतो. "तुह्या बापाले विचार, जेवते का." "वनिताले सांगा, छत्री घेऊन जाय म्हना." निरोप नेणारं माणूसच गेलं. मग आम्ही दोघं ताट समोर घेऊन बसायचो आणि पाण्याचा तांब्या एकमेकांकडे सरकवायचो, एवढाच काय तो संवाद. मी रोज वाशीमला नर्सिंगच्या कॉलेजात जायची, बाबा मळ्यात आणि बाजारात.

बाबा दरवर्षी शेणखताची ट्रॉली विकत घेत. एका वर्षी खतात शेण कमी आणि प्लास्टिकच्या पन्न्या जास्त निघाल्या. बाबा वाफ्यात बसून एकेक पन्नी वेचत होते. त्यांच्याकडे पाहून मी म्हटलं, "बाबा, आपन गायच घेऊ."

"गायीतलं आपल्याले का समजते? आपन पाल्याभाजीवाले मानसं."

"शिकू ना."

ते हसले. कितीतरी महिन्यांनी हसले. आणि त्या हसण्यापायी आम्ही दोघं, ज्यांना गायीचं तोंड कुठं आणि शेपूट कुठं एवढंच ठाऊक होतं, गाय घ्यायला रिठदला गेलो.

कुणीतरी सांगितलं होतं की तिथल्या एका घरी गावरान गाय विकायची आहे. बाबांनी गाय पाहिली ती फुलकोबी पाहतात तशी. रंग ताजा आहे का, डाग कुठं आहे का, भोवती एक चक्कर, पाठीवर एक थाप. मी तिचे डोळे पाहिले, कारण कॉलेजात तेव्हा आम्हाला पेशंटचे डोळे पाहायला शिकवत होते. गायीचा मालक म्हणाला, "लय गरीब गाय हाये." आम्हाला ते पुरलं. सौदा झाला, टेम्पो ठरला, आणि मालकाच्या म्हाताऱ्या आईने गायीच्या गळ्यातलं दावं सोडून आपल्या हाताला गुंडाळलं.

"तुमचं दावं काढा," ती म्हणाली.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. जनावर विकणारा आपलं दावं कधी देत नाही, दावं गेलं की गोठ्यातली लक्ष्मी त्याच्यामागे जाते, हे सगळ्या मुलखाला माहीत आहे. माहीत नव्हतं ते फक्त आम्हाला. म्हातारी बिचारी चांगली होती, पण दावं काही तिने दिलं नाही. शेवटी मी गळ्यातली हिरवी ओढणी काढली आणि बाबांनी ती गायीच्या गळ्यात बांधली. एवढी थोरली गाय कॉलेजच्या ओढणीला धरून टेम्पोत चढली. रस्ताभर तिचं नाक त्या ओढणीच्या टोकाला लागलेलं होतं.

घरी उतरल्या उतरल्या तिने बाबांच्या बाजाराच्या टोपल्यातली मेथीची जुडी ओढली. शेजारची बकरी वाफ्यात शिरली तर दगड घेऊन धावणारे बाबा म्हणाले, "खाऊ दे. उपाशी हाये ते." तेव्हापासून तिचं नाव मेथी.

संध्याकाळी नूरबी खाला आली. तिचं घर आमच्या मळ्याच्या बांधापलीकडे. नवरा गावात गाद्या-रजया भरायचा, आणि तिच्या दारात दोन म्हशी. तिने मेथीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "किसनभाऊ, वासरू कुठं हाये?"

"वासरू नाई."

"नाई म्हनजे?"

"म्हनजे... आमी विचारलंच नाई."

खाला मटकन खाली बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "वासराबिगर दुभती गाय आनली? म्हनजे शादीत गेले अन् नवरीबिगर वरात वापस आनली!" बाबांनी रिठदला फोन लावला. वासरू आठ दिवसांपूर्वी मेलं होतं. "तुमी इचारलं नाई, मी सांगतलं नाई," तो माणूस म्हणाला, आणि खरं सांगायचं तर त्यात खोटं काही नव्हतं.

दुभत्या गायीच्या लाथा गोड म्हणतात. आम्हाला दुधाआधीच लाथा मिळाल्या. मेथी कासेला हात लावू देईना. बाबांच्या मांडीवर एक लाथ बसली, दोन बादल्या चेपल्या, माझ्या मनगटात कळ भरली कारण मी चिमटीत धरून ओढत होते. खालाने माझा हात धरून दाखवलं. "वढू नको. मुठीत धर, वरून खाली दाबत ये." मग म्हणाली, "अन् बोल तिच्यासंग. तिचं लेकरू गेलं हाये. कोनी विचारलं का तिले?"

ते वाक्य माझ्या काळजात गेलं. आमच्या घरातूनही माणूस गेलं होतं, आणि आम्ही दोघांनी एकमेकांना काही विचारलं नव्हतं. मी रोज सकाळ-संध्याकाळ मेथीजवळ जाऊन बसू लागले. तीच हिरवी ओढणी अंगावर घ्यायची, तिच्या मानेखाली खाजवायचं आणि बोलायचं. काय बोलायचं हे सुचेना, म्हणून कॉलेजातलं सांगायची. आज बस चुकली, आज इंजेक्शन देताना शीर सापडेना, आज मॅडम ओरडल्या. आणि मधूनमधून "हो मेथे, हो." कोणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, किसन माळ्याची पोट्टी बह्याड झाली.

तेरा-चौदा दिवस गेले असतील. एका सकाळी बोलता बोलता माझ्या मुठीत एकदम कोमट जड काहीतरी उतरलं. मेथीने पान्हा सोडला. रिकाम्या बादलीत धार वाजली, चुर्र, आणि मी हुंदके देऊन रडायला लागले. मागे वळून पाहिलं तर बाबा कुडाच्या आड उभे होते. कधीपासून, कोण जाणे. त्या दिवशीच्या चहाला ते दोनदा म्हणाले, "चांगला झाला."

त्यानंतर घरात बोलणं आलं. आम्ही एकमेकांशी बोलत होतो असं नाही, आम्ही मेथीविषयी बोलत होतो. मेथीनं पाणी पेलं का. मेथीले माशा लय झाल्या, धुरी कर. कुटार संपत आलं, मेथीले पुरीन का. आईची जागा गायीने घेतली असं म्हणणं वाईट दिसेल, पण निरोप तिच्यावरून जाऊ लागले एवढं खरं. फक्त एक खोड राहिली. मेथी एका हाताची गाय झाली. माझ्याशिवाय कोणाच्याही हाताखाली ती दूध सोडत नसे. मला त्याचा तेव्हा अभिमान वाटायचा. मूर्ख होते.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण पुढे तिच्याशीच माझी गाठ आहे. बाबांचा सगळा धंदा एका शब्दावर उभा होता, कवळं. भेंडी कवळी पाहिजे, काकडी कवळी पाहिजे, नख लावून पाहायचं, जून निघालं की टोपल्यातून बाहेर. मेथीलाही ते बांधावरचं कवळं गवत निवडून आणत. ते पाहून एकदा खाला मला म्हणाली, "तुह्या बापाले सगळं कवळंच चांगलं वाटते. पन ध्यानात ठेव, पानी नाई पडलं, जवारी कवळीच सुकून राह्यली, त ते गायीले कदी नको टाकू. किरळ लागते. जहर हाये ते. घंटाभरात जनावर जाते." मी मान डोलावली. आमच्या मळ्यात ज्वारी नव्हती, आजूबाजूलाही बघावं तिकडे सोयाबीन. ज्वारी पेरतो कोण आता? मी ऐकलं आणि सोडून दिलं. बाबांना सांगितलं नाही.

नर्सिंग संपलं, पुण्यातल्या एका हॉस्पिटलचा कॉल आला. मी बाबांना विचारलं. ते वांग्याच्या वाफ्यात होते. मान वर न करता म्हणाले, "जाय. इथं राहून का करशीन? मेथीचं मी पाहतो." मला वाटलं होतं, एकदा तरी म्हणतील, नको जाऊ. मला थांबायचं नव्हतं, पण कोणीतरी थांब म्हणायला हवं होतं. हे तुमच्यापैकी ज्यांना कळतं त्यांना कळेल.

पुण्यातला तिसरा दिवस. तीन जणींची रूम, माझा पलंग दाराजवळचा. पहाटे साडेपाचला फोन वाजला. बाबा स्वतःहून कधी फोन करत नसत, म्हणून मी पलंगावर उठूनच बसले.

"वने, मेथी दूध नाई देऊन राह्यली. कास दगडावानी झाली."

"खालाले बोलवलं का?"

"बोलवलं. नाई देत. मी तुही ओढनी पांघरून बसलो, तरी नाई देत."

माझ्या डोळ्यांपुढे बाबा आले. साठीचा माणूस, पांढरी मिशी, डोक्यावरून लेकीची हिरवी ओढणी. मला हसू फुटलं. ते म्हणाले, "फोन स्पीकरवर टाकला हाये. बोल तिच्यासंग."

मी पांघरुणात तोंड घालून हळू आवाजात म्हटलं, "हो मेथे, हो. मी हाये ना. लाथ नको मारू बाबाले." थोडा वेळ नुसती खरखर. मग लांबून, मोबाईलच्या त्या फुटक्या आवाजातून, बादलीत धार वाजली. चुर्र. मी डोळे मिटून ती बादली भरेपर्यंत बोलत राहिले. आधी पत्र्यावर वाजणारी धार मग फेसात बुडून मऊ होत जाते, तिथवर. शेवटी बाबा म्हणाले, "झालं. ठेव."

तेव्हापासून रोज साडेपाचला फोन. संध्याकाळची धार बाबांनी बंदच केली. "एक वेळ पुरते मले," म्हणाले. नाइट ड्युटी असली तर मी जिन्यात जाऊन बोलायची, मॉर्निंग असली तर युनिफॉर्मला इस्त्री करता करता. रूममेटला पक्की खात्री की माझं कुठंतरी जुळलंय. "मेथी म्हणून कोणी मुलगा असतो का गं?" ती विचारायची. बाबा मात्र स्वतः काही बोलत नसत. मी विचारलं, "बाबा, बराबर जेवता ना?" तर उत्तर यायचं, "तिच्यासंग बोल, धार तुटते." मग मी मेथीलाच विचारायची, "मेथे, बाबा जेवले का वो?" मेथी काय सांगणार! एकदा फक्त बाबा हसल्यासारखे वाटले.

हिवाळ्यात मेथी गाभण राहिली. मी वॉर्डातल्या कॅलेंडरवर बोट ठेवून नऊ महिने मोजले. दसऱ्याच्या आगेमागे. सिस्टरने विचारलं, कोणाची डिलिव्हरी? मी म्हटलं, घरातली.

पुढं श्रावणात एका सकाळी फोन आला, पण धार काही वाजेना. मी म्हटलं, "बाबा, आटली का?"

 "हो. आटली."

"मंग आता फोन कायले करता? व्याली की चालू करू."

"तिले सवय लागली हाये. तुहा आवाज नाई आयकला त चारा तोंडात नाई घेत. मी फोन खुट्टीले टांगतो अन् मोटर चालू कराले जातो. मी काई इथं नाई राहत. तू बोल निवांत."

माझ्या आयुष्यात बाबांनी एका दमात एवढं बोलल्याचं मला आठवत नाही. तिथंच मला शंका यायला हवी होती. पेशंटने गोळी घेतली की उशीखाली सरकवली हे मी चेहऱ्यावरून ओळखते. पण फोनला चेहरा नसतो, आणि खरं म्हणजे मला ती सोय आवडली. बाबा जवळ नाहीत, ऐकणारी मुकी आहे. मग मी मेथीशी खरं बोलायला लागले.

दीड-दोन महिने मी तिला सगळं सांगितलं. वॉर्डात एक आजोबा गेले, त्यांच्या नखांत माती होती, बाबांच्या असते तशीच, आणि त्यांचं कोणी वेळेवर पोहोचलं नाही म्हणून शेवटी हात मीच धरला होता. रूमवर सगळ्या असतात तरी मला एकटं वाटतं. इथं भाजी मिळते ती पिशवीतली, तिला वासच नसतो. मेसची पोळी रबरासारखी, मला ज्वारीची भाकर आणि जवसाची चटणी पाहिजे. बाबा मला सोडायला आले नाहीत, तो राग अजून गेलेला नाही. आई गेली तेव्हा बाबा माझ्याजवळ बसून एकदा तरी रडायला पाहिजे होते. "मले इथं करमत नाई मेथे. पन बाबाले नको सांगू." हे तर मी कितीदा म्हटलं असेल. एकदा पलीकडून नाक ओढल्यासारखा आवाज आला. मला वाटलं, मेथीने नाक फुरकारलं.

मधेच ट्रॅव्हल्सच्या ऑफिसातून फोन आला, तुमचं पार्सल आलंय. उघडलं तर प्लास्टिकच्या बरणीत जवसाची चटणी आणि जुन्या धोतराच्या फडक्यात भाकरी. भाकरी वाटेत कडक होऊन गेलेल्या. मी बाबांना विचारलं, हे कसं काय? तर म्हणे, "खालानं केली होती. उरली, म्हनून धाडली." मी मेथीला सांगितलं की बघ, योगायोग कसा असतो.

दसऱ्याच्या आधी मी चार दिवसांची रजा काढली. बाबांना कळवलं नाही, बाळंतपणाला अचानक उभं राहायचं होतं. गूळ घेतला, सुंठ घेतली, तुळशीबागेतून वासरासाठी एक इवलीशी घुंगूरमाळ घेतली. सकाळी वाशीमला उतरले. अनसिंगच्या रस्त्यावर दोन्हीकडे सोयाबीनची सोंगणी चालली होती. ऑटोवाल्याने विचारलं, "सुट्टीवर का ताई?" मी म्हटलं, "आमची गाय व्यायची हाये." त्यालाही आनंद झाला.

बाबा बाजारात गेले होते. मी बॅग घेऊन सरळ गोठ्यात गेले.

गोठा झाडलेला होता. इतका कोरडा की शेणाचा वास नाही, एक माशी नाही. गव्हाण रिकामी. खुट्टीला माझी हिरवी ओढणी, नीट घडी घालून. तिच्या शेजारी खिळ्याला कांद्याच्या जाळीची छोटी पिशवी, फोन ठेवायची. आणि धार काढायला बसतात त्या जागी बादली पालथी घातलेली, तिचं बूड बसून बसून गुळगुळीत झालेलं. मी हातात घुंगूरमाळ घेऊन उभी राहिले. मला वाटलं, चरायला बांधली असेल. मी हाकसुद्धा मारली.

माझी हाक ऐकून नूरबी खाला आली. तिने आधी मला पोटाशी धरलं आणि मग सांगितलं. श्रावणात वीसेक दिवस पाणी आलं नाही. बाबांनी या वर्षी भाजीला आड म्हणून कडेने ज्वारीच्या दोन ओळी लावल्या होत्या. ती ज्वारी वाढलीच नाही, हातभर असतानाच कोमेजली, मग बुडातून कोवळे फुटवे फुटले. "भाऊले वाटलं, गाभन हाये, कवळं कवळं खाऊ दे. विळ्यानं नाई कापलं त्याइनं. हातानं निवडलं. भाजी निवडते तसं, एक-एक फोक." खाला धावत आली तेव्हा मेथी आडवी झाली होती, तोंडाला फेस, पाय झाडत होती. डॉक्टरांना फोन केला, ते निघालेही, पण ते वाटेत असतानाच सगळं संपलं. पोटातलं वासरूही गेलं.

मग खालाने माझ्याकडे पाहिलं. "पोट्टे, मी तुले सांगतलं होतं न? तू बापाले नाई सांगतलं?"

मी मान हलवली.  एक वाक्य होतं. उभ्या उभ्या, चहा पिता पिता सांगता आलं असतं. रोज साडेपाचला मी त्या गोठ्यात अर्धा अर्धा तास बोलत होते, जगातलं सगळं बोलत होते, आणि ते एक वाक्य मी बोलले नाही.

दुपारी बाबा रिकामी टोपली घेऊन आले. मला दारात पाहिलं, मग माझ्या मागे गोठ्याकडे पाहिलं. टोपली खाली ठेवली, गोठ्यात गेले आणि त्या पालथ्या बादलीवर बसले. रोजची जागा असावी तसे बसले.

"माह्याच हातानं गेली ते," म्हणाले.

"मले माईत होतं बाबा. खालानं मले सांगतलं होतं. मी तुमाले नाई सांगतलं."

माझ्यावर रागावले असते तर मला सोसवलं असतं. शेवटी मीच विचारलं, "मंग फोन काहून करत होते रोज?"

बराच वेळ ते जमिनीवरचं काहीतरी बोटाने टोकरत राहिले. भाजीवाल्याची बोटं, स्वस्थ राहत नाहीत. मग म्हणाले, "पह्यल्या दिवशी सांगाचंच म्हनून लावला होता फोन. जीभ उचलली नाई. मंग तू बोलाले लागली. म्हनली, बाबाले नको सांगू." इथं त्यांचा आवाज फाटला. "मी सांगतलं असतं का मेथी गेली, त तू मंग कोनाले सांगतलं असतं?"

मी त्यांच्या पायाशी बसले. गुडघ्यावर डोकं ठेवलं आणि ओरडून रडले, मेथीसाठी, तिच्या त्या दुसऱ्या वासरासाठी, आणि आईसाठीही, कारण ते रडणं राहूनच गेलं होतं. बाबाही रडले. तोंडावर ओढणी धरून रडले.

चार दिवस मी घरी होते. मी म्हटलं, दुसरी गाय घेऊ, आता दावंसुद्धा घेऊन जाऊ. त्यांनी मान हलवली. म्हटलं, पुण्याला चला. म्हणाले, "तिथं मी का लावू? गच्चीत कुंड्या?" मळ्याच्या कडेला, जिथं ज्वारी होती तिथं, मेथीला पुरलं आहे. आमच्या मळ्यात वीतभर जागा मोकळी ठेवायची बाबांची रीत नाही, विहिरीच्या काठावरसुद्धा सांबार, म्हणजे कोथिंबीर, लावतात. तेवढा तुकडा मात्र मोकळा आहे. घुंगूरमाळ मी तिथल्या कुंपणाच्या काटीला बांधून आले. परत निघाले तेव्हा बाबा वाशीमपर्यंत आले. ट्रॅव्हल्स हलेपर्यंत खिडकीखाली उभे होते. 

लोक मला विचारतात, आता घर म्हणजे तुला काय वाटतं, इथलं की तिथलं? इथं माझा पलंग आहे, ड्युटी आहे, पगाराचा दिवस आहे. तिथं एक गोठा आहे ज्यात गाय नाही. गाय होती तेव्हा मला वाटायचं, मी तिच्याशी बोलते आणि बाबा ऐकून घेतात. आता कळतं, ती बिचारी आमचं ओझं वाहत होती. ज्यांनी गाव सोडलं त्यांना एवढंच सांगते, जे सांगायचं ते माणसाला सांगा. मला ते अजून जमत नाही.

पुण्यात पोहोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पाचलाच उठून बसले होते. वाटलं, आता कशाला येईल फोन. आता आम्हा दोघांनाही माहीत आहे. साडेपाच झाले. फोन वाजला.

मी उचलला. पलीकडे चिमण्यांचा आवाज, लांब कुणाचीतरी मोटर, आणि बादलीवर कोणी बसलं की पत्रा करकरतो तो आवाज. मी तोंड उघडलं तर सवयीने तेच आलं.

"हो मेथे, हो," मी म्हटलं. मग जे दीड-दोन महिने सांगू नको म्हणत होते ते म्हटलं. "मले इथं करमत नाई. बाबाची लय याद येते. बाबाले सांगजो."

पत्रा पुन्हा करकरला. मग बाबा म्हणाले, "सांगतो."